बॅटरीच्या करवतीशी जमवून घेताना

आमच्या घरचा गणपती सात दिवसांचा आणि मखर वर्षानुवर्षं थर्माकोलचं. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा पुण्याच्या नणंदेनं फोनवर विचारलं होतं, "तुमच्या बडोद्यात अजून चालतंय का गं?" चालत होतं, पण तेव्हापासून ते मनात खुपायला लागलं. माळ्यावर तुटके खांब, सोनेरी कागद निघालेल्या कमानी, उंदरांनी कुरतडलेले कळस साठत चालले होते. शेवटी प्लायचं मखर करायचं ठरलं. खाचेत खाच बसवून उभं राहणारं, खिळा-स्क्रू नसलेलं आणि विसर्जन झालं की सुटं करून पलंगाखाली सरकवता येणारं. आणि ते मी करायचं, हेही ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका.

नणंदेच्या मुलानं त्याची जुनी बॅटरीवरची सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल फिरत्या पात्याची करवत, मला देऊन टाकली. १८ व्होल्टची, १६५ मिलिमीटर पात्याची, मोकळी फिरताना मिनिटाला ५,००० फेरे. ती खोक्यातून काढल्यावर ह्यांनी लांबूनच पाहिली आणि म्हणाले, "मिस्त्रीला बोलाव ना." बोलावलंच मी मिस्त्रीकाकांना, पण शिकण्यासाठी.

हत्यारांची मला भीती नव्हती. सासरे कलाभवनाच्या वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर होते. सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेलं, त्रिभुवनदास गज्जर ज्याचे पहिले प्राचार्य होते ते कलाभवन. आता ते विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग फॅकल्टीचा भाग आहे. सासऱ्यांची पेटी अजून घरात आहे. पटाश्या, रंधा, दोन हातकरवती, काटकोन तपासायचा एक जड लोखंडी गुण्या. हातकरवत मी बरी चालवते. पण हातकरवतीचा वेग माझ्या दंडाएवढा आणि मी थांबले की ती थांबते. या यंत्राचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. १६५ मिलिमीटरच्या पात्याचा परीघ होतो साधारण ५२ सेंटीमीटर. मिनिटाला ५,००० फेरे म्हणजे पात्यावरचा प्रत्येक दात मिनिटाला २.६ किलोमीटर पळतो. ताशी १५५. आमच्या अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर गाडीला एवढ्या वेगाची मुभा नाही.

मिस्त्रीकाका मूळचे संखेड्याकडचे. लाखेचा रंग चढवलेल्या सागवानी फर्निचरचं गाव ते. मला ते बेन म्हणतात, मी त्यांना काका म्हणते. बोलणं निम्मं गुजराती, निम्मं मराठी. करवत त्यांनी हातात घेतली, खालीवर करून पाहिली आणि म्हणाले, "मोटुं मशीन एटले मोटी बीक." मोठं मशीन म्हणून मोठी भीती. त्यांच्या हाती रोज असतं ते छोटं मशीन, मार्बल कटर.

इथे जरा थांबते, कारण हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. ज्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असेल तिथे जाऊन बघा. ११० मिलिमीटरचं मार्बल कटर असतं. बनवलंय फरशी आणि दगड कापायला. त्याला लाकडाचं दातेरी पातं लावलेलं असतं. त्याचे फेरे मिनिटाला बारा-तेरा हजार. हिशेब केला तर दातांचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर जातो. पात्यावर वरून अर्धगोल झाकण आहे, खालून काहीच नाही, कारण दगड कापायच्या पात्याला मोठे दात नसतात आणि त्याला तशा गार्डची गरज धरलेली नाही. वर, हेच कटर उलटं करून प्लायच्या तुकड्याखाली आवळायचं, पातं फटीतून वर काढायचं, बटण चालू ठेवून अडकवून टाकायचं आणि लाकूड हातानं पात्यावर ढकलायचं. झालं टेबल सॉ. हजार-दोन हजारांत. मला बॅटरीच्या करवतीपेक्षा हजारपट भीती या सोयीची वाटते.

हे मी काकांना म्हटलं. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर उघडून धरले. दहाच्या दहा बोटं, पेरंसुद्धा शाबूत, आणि कामाला तीसेक वर्षं झालेली. यावर मी काय बोलणार? एवढंच म्हटलं, की तुमच्या बोटांना तीस वर्षांची सवय आहे, माझ्या बोटांना नाही. ते हसले आणि मग मन लावून शिकवायला बसले.

सर्क्युलर सॉला खाली एक सरकता गार्ड असतो. लाकडाच्या कडेला टेकला की मागे सरकतो, काप संपला की स्प्रिंगनं परत येऊन दात झाकतो. या यंत्राची सगळी सुरक्षितता कशावर उभी असेल तर या एका स्प्रिंगवर. म्हणून बॅटरी न लावता पहिलं काम केलं ते गार्ड बोटानं मागे ओढून सोडून देण्याचं. टक असा आवाज करून तो बंद झाला पाहिजे. आमचा होत नव्हता. भाच्याच्या काळातला भुसा आणि डिंक आत घट्ट बसला होता. जुन्या टूथब्रशनं आणि सुक्या फडक्यानं साफ केला, तेव्हा नीट मिटायला लागला. काकांची पद्धत वेगळी. अरुंद पट्टी तासताना गार्ड मधे येतो म्हणून पाचर मारून तो वर अडकवायचा. "एक मिनिट माटे," ते म्हणाले. एका मिनिटापुरतं. मी नाही म्हटलं. अरुंद पट्टी तासायची असेल तर त्याला हातकरवत आहे, रंधा आहे.

बॅटरी बाहेर ठेवूनच मी बाकीची ओळख करून घेतली. बिनतारी यंत्राचं मला हे फार जाणवतं. तार अडकत नाही, कापली जात नाही, पावसाळ्यात ओल्या ओट्यावर एक्स्टेन्शन ओढावं लागत नाही, हे सगळं खरं. पण तारेच्या यंत्राचा प्लग काढला की काढलेला डोळ्यांना दिसतो. बॅटरी बसलेली करवत मात्र टेबलावर पडल्यापडल्याही तयारच असते. पातं बदलायचं, कापाची खोली बदलायची, गार्डमधली चिरफळी काढायची, बोलत बोलत जागा बदलायची, काहीही करायचं झालं की आधी बॅटरी बाहेर. ट्रिगरला लॉक-ऑफ बटण असतं, अंगठ्यानं ते दाबल्याशिवाय ट्रिगर ओढला जात नाही. पण त्याच्या भरवशावर पात्याजवळ बोटं न्यायची नाहीत.

काकांना खोक्यावरच्या आकड्यांनी गोंधळात टाकलं होतं. बाजारात त्यांनी २० व्होल्टचं म्हणून मशीन पाहिलं होतं, तर हे १८ चं कमी ताकदीचं का? तसं नाही. दोन्हींत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल ३.६ व्होल्टचा धरला तर होतात १८. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या प्रत्येक सेल चारच्या वर असतो, म्हणून कुणी २० लिहितं. ताकद मोटरवर बघायची आणि बॅटरी किती पुरेल ते अँपिअर-अवरवर. आमची बॅटरी ४ अँपिअर-अवरची.

पातं बसवताना एक खूण लक्षात ठेवली. मोटर पात्याला ज्या बाजूला फिरवते त्याच बाजूला बोल्ट फिरवला की तो सैल होतो, म्हणजे चालू असताना तो उलट आवळलेलाच राहतो. पात्यावर बाण असतो आणि गार्डवरही बाण असतो. दोन्ही एकाच दिशेला. भाच्यानं लावलेलं पातं २४ दातांचं होतं. ते लांबीच्या कापाला आणि भरीव लाकडाला ठीक, प्लायच्या वरच्या पापुद्र्याचं मात्र वाटोळं करतं. ४० दातांचं नवं आणलं. घेताना मधल्या भोकाचं माप आणि पात्यावर छापलेले कमाल फेरे पाहून घेतले. यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा तो आकडा कमी असेल तर ते पातं त्या यंत्राचं नाही. मग सासऱ्यांचा गुण्या करवतीच्या बेसवर, म्हणजे लाकडावर टेकणाऱ्या सपाट पत्र्यावर, उभा करून पातं खरंच काटकोनात आहे का ते बघितलं. यंत्रावरच्या खुणेत आणि गुण्यात बारीकसा फरक निघाला. मी गुण्यावर विश्वास ठेवला.

कपड्यांचा विषय पुरुषांनी लिहिलेल्या माहितीपत्रकात एका ओळीत आटपतो: सैल कपडे घालू नका. माझ्या बाबतीत ती यादी लांब होती. ओढणी, बांगड्या, मंगळसूत्र, मोकळी वेणी, कुर्त्याच्या घोळदार बाह्या. सगळं काढून, केसांचा घट्ट अंबाडा घालून, मुलाचा जुना टी-शर्ट घालून मी ओट्यावर आले तेव्हा समोरच्या टेनामेंटमधल्या मासीबा कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. सासूबाईंना गळ्यात मंगळसूत्र नाही हे आवडलं नाही. त्यांना म्हटलं, "आई, गणपतीचंच काम आहे." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

हातमोजे घालावेत की नाही यावर मतभेद आहेत. मी कापताना घालत नाही. सैल मोजाचं टोक दातात सापडलं तर बोटासकट ओढलं जातं. पातं बदलताना आणि प्लायचे ताव उचलताना मात्र घालते, कारण प्लायची कड हाताला सुरीसारखी लागते. डोळ्यांना बाजूनं बंद असलेला गॉगल, कानांना मफ, नाकाला एन-९५. मास्कबद्दल काका फारच हसले. त्यांना सांगितलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला कर्करोगाच्या पक्क्या कारणांमध्ये बसवलेलं आहे, तंबाखूच्याच गटात. काका तंबाखू खात नाहीत आणि खाणाऱ्यांना रोज बोल लावतात. दुसऱ्या दिवशी रुमाल बांधून आले. रुमालानं बारीक धूळ अडत नाही, पण मी तो विषय तिथे वाढवला नाही.

आता मुख्य गोष्ट. या करवतीनं माणूस जखमी होतो त्याचं एक मोठं कारण आहे झटका. किकबॅक म्हणतात तो. तो समजून घ्यायला काकांनी यंत्र चालूच केलं नाही. जुन्या दाराची एक लांब फळी दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवली, मधोमध रेषा मारली आणि माझ्या हातात हातकरवत दिली. काप अर्ध्यावर गेला तशी फळी मध्ये वजनानं बसायला लागली, कापाच्या वरच्या कडा एकमेकींच्या जवळ आल्या आणि करवत आवळली गेली. अशा वेळी आपण पाचर मारतो, शिव्या देतो आणि पुढे कापतो. "मशीननो वांक नथी, टेको खोटो छे," काका म्हणाले. दोष यंत्राचा नाही, टेकू चुकलाय.

हेच गोल पात्याच्या बाबतीत घडलं तर काय होतं ते दिशांचा विचार केला की कळतं. या करवतीत पात्याचे पुढचे दात खालून वर चालतात. ते लाकूड वर उचलू पाहतात, म्हणून करवत लाकडावर दाबून बसते, छान. पण मागचे दात वरून खाली चालतात. मागे काप आवळला, की ते दात लाकडाला खाली रेटतात आणि लाकूड हलत नाही म्हणून करवतच वर चढते. अगदी खालचे दात पुढे धावत असतात, ते अडकले की करवत उलट मागे फेकली जाते. दोन्ही मिळून काय होणार? चार किलोच्या आसपासचं फिरतं यंत्र कापातून उसळून धरणाऱ्याच्या मांडीकडे येणार. आणि ते इतक्या झटकन, की ट्रिगर सोडायचं डोक्यात येईपर्यंत सगळं उरकलेलं असतं. म्हणजे कापताना सावध राहणं हा याच्यावरचा इलाज नाहीच. जे काही करायचं ते ट्रिगर ओढण्याआधी.

काकांचा उपाय: जमिनीवर चार बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या, समांतर टाकायचे, कापाच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन, म्हणजे कापल्यावर दोन्ही तुकडे आपापल्या दोन पायांवर उभे राहतात आणि कुणीच मध्ये बसत नाही. लहान तुकडा कापून टाकायचा असेल तर त्याला टेकूच द्यायचा नाही, तो मोकळा खाली पडू द्यायचा. पण मोठ्या तुकड्याला तसं सोडलं तर शेवटी तो लोंबकळून फाटतो, म्हणून ते फक्त छोट्यांसाठी. दोन टोकांना दोन स्टुलं आणि मध्ये काप, हे मात्र कधीच नाही.

माझा उपाय माळ्यावर पडलेला होता. जुन्या मखराच्या पायाचे दोन इंची थर्माकोलचे ताव. ते ओट्यावर पसरले आणि त्यावर प्लायचा अख्खा ताव आडवा टाकला. आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटरचा ताव तीसेक किलो भरतो. तो असा सपाट झोपवला की कुठेही कापा, दोन्हीकडे पूर्ण टेकू. पातं खाली थर्माकोलमध्ये चार-पाच मिलिमीटर जातं, त्याचं काही बिघडत नाही. काकांना ही युक्ती आवडली. एकच ताप झाला: थर्माकोलचे पांढरे मणी स्थिर विजेनं सगळीकडे चिकटतात, केसांना, काकांच्या मिशीला, करवतीच्या झरोक्यांना. पाऊस यायच्या आत ते ओल्या फडक्यानं टिपून गोळा करावे लागत, नाहीतर गेले गटारात. ज्या कारणासाठी थर्माकोल सोडला तेच परत.

कापाची खोली ठरवताना आमचं पुन्हा वाजलं. काकांची सवय पातं पूर्ण बाहेर काढायची. १६५ च्या पात्याला ती खोली ५५ मिलिमीटरच्या आसपास मिळते. मी १८ च्या प्लायला २२ ठेवली, म्हणजे खालून जेमतेम एक दात दिसेल एवढी. जितकं पातं बाहेर, तितकं बोटांना सापडायला आणि आवळायला जास्त. कापताना तावाच्या खाली हात घालायचा नाही हे तर आहेच. थर्माकोलवर ठेवल्यामुळे तो घालताच येत नाही, हा अजून एक फायदा.

प्लायचा चांगला चेहरा खाली ठेवायचा. टेबल सॉवर काम केलेल्यांना हे उलटं वाटतं, पण दात खालून वर येतात म्हणून पापुद्रा उडतो तो वरच्या बाजूचा. रेषेवर मास्किंग टेप लावून त्यावर पेन्सिलीनं रेषा मारली की वरची बाजूही बरीच वाचते. सरळ कापासाठी ॲल्युमिनियमचं चौकोनी सेक्शन दोन शिकंज्यांनी प्लायवर आवळलं. बेसच्या कडेपासून पात्यापर्यंतचं अंतर टाकाऊ तुकड्यावर एक काप घेऊन मोजून ठेवलं होतं, तेवढ्या अंतरावर सेक्शन. हा मार्गदर्शक फक्त काप देखणा यावा म्हणून नाही. मोकळ्या हातानं कापताना रेषा सुटली की आपण नकळत करवत पिळून रेषेवर आणायला जातो, आणि वाकडं झालेलं पातं स्वतःच्याच कापात आवळतं. सरळ पट्टीला बेस टेकलेला असला की ही खोड आपोआप मोडते.

मग बॅटरी लावली. उजवा हात मागच्या मुठीवर, डावा पुढच्या मुठीवर. दोन्ही हात यंत्रावर म्हणजे एकही पात्याकडे नाही. गुडघे मोठ्या तुकड्यावर, अंग पात्याच्या रेषेच्या बाजूला. काकांनी माझा खांदा धरून मला आणखी चार बोटं डावीकडे सरकवलं आणि पोरांना ओट्यावरून आत पाठवलं. बेसचा पुढचा भाग प्लायवर टेकवला, पातं अजून लाकडाला लागलेलं नाही. ट्रिगर. आवाज चढत जाऊन एका सुरावर स्थिर होतो, तोवर थांबायचं. अर्ध्या वेगात दात लाकडाला लावले तर ते झटका देतात. मग पुढे ढकलायचं, किती ते आवाज सांगतो. सूर उतरायला लागला म्हणजे आपण जास्त रेटतोय. सूर चढाच राहिला आणि जळका वास आला तर फार हळू चाललोय किंवा पातं बोथट आहे.

चार फुटांचा काप संपायला फार वेळ लागत नाही. मधेच थांबावंसं वाटलं तर ट्रिगर सोडायचा आणि पातं कापातच, जागच्या जागी पूर्ण थांबू द्यायचं. फिरतं पातं मागे ओढणं म्हणजे मागच्या दातांना आमंत्रण. पुन्हा सुरू करताना करवत दोन बोटं मागे घेऊन पातं कापात मोकळं आहे हे बघायचं आणि मगच ट्रिगर. शेवटाला पुढचं वजन सुटतं, करवत एकदम हलकी होते. तिथे हात घट्ट हवा. ट्रिगर सोडल्यावर आमच्या यंत्राचा ब्रेक पातं दोनेक सेकंदांत थांबवतो, सगळ्याच यंत्रांना तो नसतो. गार्डचा तो टक ऐकू येईपर्यंत करवत खाली ठेवायची नाही. कानांवर मफ असतात म्हणून मी वाकून बघते.

बॅटरीचा एक धडा माहितीपत्रकात नव्हता, काकांच्या कानानं पकडला. लांब कापाच्या शेवटी शेवटी सूर बसायला लागला. माझा हात पूर्वीइतकाच होता. बॅटरी उतरत आली होती. पातं मंद झालं की अडकायची शक्यता वाढते, म्हणून बॅटरीवरच्या चार्ज दाखवणाऱ्या दिव्यांपैकी एकच उरला की लांब काप सुरूच करायचा नाही असं आम्ही ठरवलं. चार्जिंग घरात, पंख्याखाली. नुकतंच काम केलेली गरम बॅटरी लगेच लावली तर चार्जर ती थंड होईपर्यंत ताटकळत बसतो. बडोद्याच्या मे महिन्यात हे काम काढलं असतं तर ओट्यावरच्या उन्हात बॅटरीनं नक्कीच मान टाकली असती. श्रावणात पाऊस सोडला तर बरं पडलं.

खाचांनी मात्र वेळ खाल्ला. १८ च्या प्लायला १८ ची खाच पाडून चालत नाही, कारण बाजारातला ताव मोजला तर कुठे जरा कमी, कुठे जरा जास्त भरतो, वर रंगाचा थर चढणार. प्रत्यक्ष तुकडा मोजून, रंगापुरती फट धरून खुणा केल्या. आणि दुसरं म्हणजे पातं गोल. वरच्या अंगाला काप खाचेच्या टोकापर्यंत पोचलेला दिसतो, तेव्हा खालच्या अंगाला तो अजून मागेच असतो. २२ ची खोली ठेवली तर तीनएक सेंटीमीटर मागे. खालचंही पूर्ण व्हावं म्हणून करवत पुढे नेली तर वरची खाच रेषेच्या पार. यावर तोड एकच: वरच्या रेषेपाशी थांबायचं, बॅटरी काढायची आणि उरलेलं सासऱ्यांच्या हातकरवतीनं आणि पटाशीनं. पेटी उघडली गेली म्हणून सासूबाई खूश.

कमानीच्या मधली खिडकी काका सर्क्युलर सॉनं वरून टेकवत उतरवून काढायला निघाले होते. प्लंज कट. त्यात गार्ड हातानं मागे धरावा लागतो आणि बेसचं पुढचं टोकच तेवढं टेकलेलं असतं, म्हणजे झटका द्यायला करवत अगदी मोकळी. मी जिगसॉ, म्हणजे खालीवर चालणाऱ्या अरुंद पात्याची करवत, भाड्यानं आणली. काकांना तो खर्च वाया वाटला. त्यांचं कौशल्य मोठं आहे, पण काम माझ्या ओट्यावर आणि माझ्या हातांनी चाललं होतं. बोटाएवढे तुकडे, कळसाच्या पाकळ्या वगैरे, हातात धरून कापायच्या नाहीत हाही माझाच हट्ट. त्या मोठ्या तुकड्यावरच रेखाटून जिगसॉनं काढल्या आणि शेवटी सुट्या केल्या.

प्राइमर, रंग, मुलीनं काढलेली वेलबुट्टी, खंडेराव मार्केटमधून आणलेली शेवंती, याचं वर्णन करत नाही. मखर उभं राहिलं आणि डुगडुगत नव्हतं.

करवत आता कपाटाच्या वरच्या खणात आहे, बॅटरी निम्मी चार्ज करून दुसऱ्या खणात. दोन्ही एकत्र ठेवायच्या नाहीत, घरात दहा वर्षांची दोन मुलं आहेत आणि त्यांना मखरापेक्षा करवत जास्त आवडली आहे. दांडिया बाजारच्या जाऊबाईंनी त्यांच्या जुन्या घराच्या उतरवलेल्या सागवानी फळ्या देऊ केल्यात, देवघर करून दे म्हणून. जुन्या सागात खिळ्यांची डोकी झिजून आत दडलेली असतात. तशा खिळ्याला दात लागला तर दाताच्या टोकाचा कार्बाइडचा कठीण तुकडा उडून कुठेही जाऊ शकतो. काका म्हणतात, रंधा मारून बघू. मी मुलाच्या जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून ठेवलं आहे. फळी फळी करून ते फिरवायचं, चिकटेल तिथे खडूची खूण करायची, सांडशीनं खिळा उपसायचा आणि मगच रेषा मारायची.